वाळूत लागणारा दांडा

मी एका गाडीतला दुसरा दांडा बोलतोय. पहिला बोलणार नाही. तो गिअरचा दांडा. त्याला दिवसभर पहिला, दुसरा, तिसरा करायचं असतं, आणि हैदराबादच्या रहदारीत तिसऱ्यावरून पुन्हा पहिल्यावरच यायचं असतं. बोलायला सवड असते ती माझ्यासारख्याला.

मी त्याच्या शेजारीच, जरा मागे सरून उभा असतो. उंचीनं कमी, डोकं मात्र मोठं. डोक्यावर अक्षरं कोरलेली आहेत: टू-एच, फोर-एच, एन, फोर-एल. टू-एचवर असलो की मागची दोनच चाकं गाडी ढकलतात आणि मला काही काम नसतं. पण मला फोर-एलवर नेलं की चारही चाकं एकदम जोर लावतात. गाडी मुंगीच्या पावलानं चालते, पण चिखलातून, दगडांतून, वाळूतून, कशातूनही बाहेर येते. जगात मला फोर-बाय-फोरचा दांडा म्हणतात. आमच्या घरात मला ‘ते’ म्हणतात.

कारखान्यात एका तपासनिसानं मला एकदा फोर-एलवर टाकलं आणि परत आणलं. खट्, खट्. त्यानं मान डोलावली आणि तो पुढच्या गाडीकडे गेला. एवढाच माझा अनुभव. नोकरीच्या अर्जात लिहायची वेळ आली तर मला याहून जास्त काही लिहिता येणार नाही.

मला हेमंतरावांनी घेतलं. हेमंतराव पुण्याचे, संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला कोंडापूरला, सातव्या मजल्यावर. गाडी कशासाठी हवी, असं शोरूममधल्या मुलीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, “समुद्रकिनाऱ्यावरची वाळू.” हैदराबादला समुद्र नाही. सगळ्यात जवळचा समुद्र मोटारीनं जेवणवेळ धरून एका दिवसाचा आहे. हेमंतरावांना हे माहीत नव्हतं असं नाही. ते पुण्याचे आहेत, त्यांना सगळं माहीत असतं. पण माहीत असणं आणि आड येणं यात फरक आहे.

त्यांच्या पत्नी शोभाताई मात्र इथल्याच, गौलीगुड्याच्या. त्यांचे वडील आबासाहेब निजामाच्या काळापासून इथं मुरलेल्या घराण्यातले. सिकंदराबादला रेल्वेत होते, आता निवृत्त. आबासाहेब आणि त्यांची बहीण त्रिवेणीआत्या असे दोघंच त्या घरात राहतात. शोभाताईंना गाडी हवी होती ती याचसाठी. वडिलांकडे मनात येईल तेव्हा जाता यावं, ‘अहो, या रविवारी मोकळे आहात का’ असं विचारावं लागू नये. लग्नाआधी त्यांनी लायसन्स काढलं होतं. वेळच्या वेळी नवं करून घेतलेलं ते पर्समध्ये कायम असतं, गाडी मात्र कधी हातात आली नव्हती.

“ही जड गाडी आहे शोभा,” हेमंतराव म्हणाले. “क्लचचा अंदाज लागत नाही. तुला एकदम नाही जमायची.”

“मग हलकी का नाही घेतली?”

“हलकी वाळूत रुतते.”

शोभाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. काचेतून समोर कोंडापूरचा रस्ता दिसत होता. त्यावर वाळू नव्हती, ट्रॅफिक होता.

गाडीची पूजा गौलीगुड्याला झाली. नारळ झाला, चाकांखाली लिंबं झाली. मग त्रिवेणीआत्या हळदकुंकवाची वाटी घेऊन आत डोकावल्या. मोठ्या दांड्याला कुंकू लावलं आणि त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“आणि हे लहानगं कशाचं जावईबापू?”

“ते फक्त वाळूत लागतं आत्या. एरवी त्याला हात लावायचा नाही.”

झालं! हात लावायचा नाही म्हणजे सोवळ्यातलं. आत्यांनी लगेच पदर डोक्यावरून घेतला. मला कुंकवाचा टिळा लागला, अक्षता पडल्या, आणि मग त्यांनी देव्हाऱ्यातून आणलेला लाल दोरा माझ्या गळ्यात गुंडाळून त्याचं दुसरं टोक सीटखालच्या लोखंडाला बांधलं. चांगल्या तीन गाठी मारल्या.

“समुद्राला जाऊन गाडी सुखरूप परत आली की मी माझ्या हातानं सोडीन,” त्या म्हणाल्या. “तोवर हे देवाचं.”

हेमंतराव एरवी कुणाचंही म्हणणं खोडून काढतात. पण बायकोच्या आत्यापुढे पुण्याच्या माणसाचंही चालत नाही. ते “बरं” म्हणाले. त्या एका ‘बरं’नं माझं आयुष्य संपलं, असं मला तेव्हा वाटलं होतं.

तेव्हापासून मी गाडीतला देव झालो. चढताउतरताना कुणाचा पाय लागला तर तो माणूस वाकून मला नमस्कार करतो. आबासाहेब तर बसल्याबसल्या आधी मला हात जोडतात, मग पट्टा बांधतात. त्यांची नात ईशा कॉलेजात जाते. तिनं एकदा माझ्या डोक्यावर हेडफोन अडकवले तर शोभाताई ओरडल्या. “सॉरी बाप्पा,” असं म्हणून तिनं ते काढून घेतले. मी बाप्पा नाही हो! मी एक लोखंडी कारागीर आहे. मला कामाला लावा, एवढंच मी म्हणत होतो. पण देवाचं कोण ऐकतं? सगळे त्यालाच ऐकवतात.

इकडे हेमंतरावांचा अभ्यास चालू होता. वाळूत गाडी कशी चालवावी यावर त्यांनी इतकं वाचलं, इतके व्हिडिओ पाहिले, की मराठी मंडळानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय: ‘वाळूतील वाहनचालन: समज आणि गैरसमज’. शाल, श्रीफळ, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, आभारप्रदर्शन, सगळं यथासांग झालं. व्याख्यान इतकं रंगलं की ते दर वर्षी व्हायला लागलं. मला त्यातलं वाक्य न् वाक्य पाठ आहे, कारण सराव गाडीतच होत असे. “टायरमधली हवा कमी करा. गाडी पूर्ण थांबवा. मोठा दांडा न्यूट्रलला आणा. क्लच शेवटपर्यंत दाबा. मगच छोटा दांडा ओढा. आणि मित्रहो, हा दांडा महिन्यातून एकदा तरी हलवत चला, नाहीतर तो जाम होतो.” इथं टाळ्या पडायच्या. मंडळात एकाकडेही असला दांडा नव्हता. आणि ज्याच्याकडे होता त्याचा देव झालेला.

शिवाय तळघरातल्या पार्किंगमध्ये रंगीत तालीम होत असे. घरातले सगळे गाडीत बसायचे. हेमंतराव टायरची हवा सोडायचे, मग म्हणायचे, “आता आपण वाळूत आहोत.” शोभाताई सीटवर बसून लसूण सोलायच्या. ईशा मोबाइल बघत विचारायची, “बाबा, अजून किती वेळ वाळूत आहोत?” शेवटी सगळे उतरायचे, आणि हेमंतराव पायपंपानं हवा परत भरायचे. समुद्राकडे जायची एवढी तयारी करून कधीच न गेलेलं कुटुंब हैदराबादेत दुसरं नसेल.

तयारीत त्यांनी दोन फळ्याही मागवल्या होत्या. रुतलेल्या चाकाखाली घालायच्या, नारिंगी, भोकाभोकांच्या. त्रिवेणीआत्यांनी एकदा त्या पाहिल्या आणि त्यांचा जीव हरखला. “सांडगे घालायला किती छान! खालून वारा लागेल.” फळ्या गौलीगुड्याच्या गच्चीवर गेल्या. हेमंतराव पुन्हा “बरं” म्हणाले.

असं चालू राहिलं असतं. पण एकदा आबासाहेब बाथरूमपाशी घसरून पडले. फार लागलं नाही, गुडघा सुजला. त्रिवेणीआत्यांनी फोन केला तेव्हा हेमंतराव कॉलवर होते, मग दुसऱ्या कॉलवर होते. शोभाताई रिक्षा, मेट्रो आणि पुन्हा रिक्षा करत गौलीगुड्याला पोहोचल्या तेव्हा वडील जेवून झोपलेही होते. त्या परतल्या त्या दिवशी पार्किंगमध्ये येऊन गाडीपाशी नुसत्या उभ्या राहिल्या. मला काचेतून त्यांचा चेहरा दिसत होता. तसा चेहरा करून माझ्याकडे कुणी बघू नये असं मला वाटलं.

जेवताना काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी गाडीत कळलं, कारण भांडणाचा उत्तरार्ध नेहमी गाडीतच होतो.

“मला ऑटोमॅटिक पाहिजे, लहान. मी स्वतः चालवणार,” शोभाताई म्हणाल्या. “ही विका. हिम्मतराव घ्यायला तयार आहेत.”

हिम्मतराव मंडळाचे खजिनदार. व्याख्यानं ऐकून ऐकून त्यांना ही गाडी हवीशी झाली होती.

“अगं, पण हिला अजून एकदाही वाळूत नेली नाही.”

“तेच म्हणतेय मी. पाडव्याला सुट्टी आहे. न्या वाळूत. चालली तर ठेवू, नाहीतर परत आल्यावर हिम्मतरावांना चावी द्यायची.”

एकीकडे वाळू! आयुष्यभर ज्याची वाट बघितली ती वाळू. दुसरीकडे हिम्मतराव, म्हणजे पुन्हा एखादी पूजा आणि पुन्हा दोरा. आत्ता नाही तर कधीच नाही, असं होतं ते.

पाडव्याची गुढी उभारून आम्ही निघालो. पुढे हेमंतराव आणि आबासाहेब, मागे शोभाताई आणि ईशा. आबासाहेबांनी मला नमस्कार केला. फळ्या मात्र बरोबर नव्हत्या. आत्यांचे सांडगे अजून ओले होते.

मिर्यालगुडा गेलं, कृष्णा ओलांडली, पलीकडे पलनाडात रस्त्याच्या दोन्ही अंगांना मिरच्या वाळत घातलेल्या. सगळे शिंकत शिंकत बापटल्याच्या पुढे एका कोळ्यांच्या गावाशी पोहोचलो. तिथून सुरूच्या बनातून किनाऱ्याकडे एक वाळूची वाट जाते. हेमंतरावांनी गाडी थांबवली, उतरून टायरची हवा कमी केली. हे काम त्यांनी फार सुरेख केलं. मग आत येऊन बसले, आणि माझ्याकडे हात नेला.

दोरा दिसला. हात थांबला.

“वाट घट्ट वाटतेय,” ते म्हणाले. “मुळात इथं टू-एचवरही जमायला हरकत नाही.”

मी ओरडलो, पण माझा आवाज कुणाला येतो! वाट सुरूच्या बनापर्यंत घट्ट होती. बन संपलं, निळं पाणी दिसलं, आबासाहेब “या अल्ला, केवढा हा!” म्हणाले आणि त्याच क्षणी मागची चाकं वाळूत फिरायला लागली. हेमंतरावांनी ॲक्सिलरेटर दाबला. वाळू कारंज्यासारखी उडाली आणि गाडी पोटापर्यंत खाली बसली.

“अशा वेळी प्रथम शांत राहावं,” हेमंतराव म्हणाले. व्याख्यानातही ते हेच म्हणतात.

“बाबा, पाणी जवळ येतंय,” ईशा म्हणाली.

खरंच येत होतं. भरती लागली होती. लाटेचा फेस चाकाच्या जरा अलीकडे येऊन विरत होता, आणि पुढची लाट त्याच्या जरा पुढे.

“दांडा ओढा ना आता!” शोभाताई म्हणाल्या.

“आत्यांचा दोरा आहे.”

“हौ, ते बरोबर आहे,” आबासाहेब म्हणाले. “ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं. आपल्या घरचा दस्तूर आहे तो, जावईबापू. त्रिवेणीला फोन लावा.”

समुद्र अंगावर येत असताना या कुटुंबानं गौलीगुड्याला व्हिडिओ कॉल लावला. त्रिवेणीआत्या गच्चीवर होत्या, मागे नारिंगी फळ्यांवर सांडगे, हाताला पीठ.

“त्रिवेणी, दोरा सोडायचा आहे,” आबासाहेब म्हणाले.

“सोडते की. आलात का परत?”

“नै, परत नाही आलो. रुतलोय. परत यायला तो दांडा लागतो.”

“मग परत या, सोडते.”

“अगं, दोरा सोडल्याशिवाय परत येता येत नाही!”

“आणि परत आल्याशिवाय दोरा सोडता येत नाही दादा. देवापुढे बोललेय मी. गाडी सुखरूप परत आली की, असं.”

“तांत्रिकदृष्ट्या आत्या—” हेमंतरावांनी तोंड घातलं.

“तुम्ही मधे बोलू नका, तुम्ही पाण्याकडे बघा,” आत्या म्हणाल्या.

मी सांगतो, इतकी वर्षं मी वाट बघितली, पण त्या दोन बहीणभावंडांचा तो संवाद चालू असताना ती जेवढी लांब वाटली तेवढी आधी कधीच वाटली नव्हती. आबासाहेब परत यायचं म्हणत होते, आत्या परत या म्हणत होत्या, दोघांचं एकमत होतं, आणि गाडी बुडत होती. एका लाटेनं पुढचं चाक भिजवलं.

तेव्हा शोभाताईंनी मागच्या सीटवरून पुढे वाकून फोन घेतला.

“आत्या, लहानपणी माझी वेणी कोण घालायचं?”

“मीच की.”

“मग तुमचा हात तो माझाच हात. तुम्ही तिथून सोडा, मी इथून सोडते. देवाला काय समजायचं ते समजू दे.”

आत्यांनी विचार केला. सांडग्यांवर बसू पाहणाऱ्या एका कावळ्याला हाकललं. मग पिठाचे हात वर करून, हवेतल्या हवेत, डोळे मिटून त्या गाठ सोडायला लागल्या. इकडे शोभाताई माझ्याशी झटत होत्या. हळद, कुंकू, तेल आणि एवढ्या वर्षांची धूळ मिळून गाठीचा दगड झाला होता. दोन गाठी नखांनी सुटल्या. तिसरी सुटेना, तेव्हा त्या वाकल्या आणि त्यांनी ती सरळ दातानं तोडली. देव म्हणून माझी नोकरी त्या क्षणी संपली. मला इतकं मोकळं कधीच वाटलं नव्हतं.

“सुटला!” दोन्हीकडून एकदम आवाज आला.

हेमंतरावांनी मला दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. मी हललो नाही.

लाज वाटते सांगायला, पण हललो नाही. आयुष्यभर ‘मला कामाला लावा’ म्हणून टाहो फोडला, आणि काम आलं तर अंग जागचं हलेना! सगळे सांधे धरले होते. हेमंतरावांनी पाय डॅशबोर्डला लावून पुन्हा हिसका दिला. कट्‌ असा आवाज आला. तो माझा नव्हता. हेमंतरावांच्या कमरेत उसण भरली होती.

“आई गं!” म्हणून ते वाकडे झाले ते झालेच. ईशा आणि आबासाहेबांनी त्यांना दोन्हीकडून धरून मागच्या सीटवर आडवं केलं. ड्रायव्हरची सीट रिकामी झाली. शोभाताई बाहेर उतरल्या, गुडघाभर फेसातून फिरून आल्या आणि त्या सीटवर बसल्या.

“गाडी पूर्ण थांबवा,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “थांबलेलीच आहे. मोठा दांडा न्यूट्रलला आणा. अहो, तुम्ही हा पहिल्यावरच ठेवला होता! क्लच शेवटपर्यंत दाबा.” व्याख्यान पाठ नुसतं मलाच नव्हतं. इतकी वर्षं पहिल्या रांगेत बसून लसूण न सोलता त्यांनी ते ऐकलं होतं.

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ओढलं नाही लगेच. आधी जरा पुढे, जरा मागे, असं हलवलं, आखडलेल्या माणसाचा खांदा सोडवतात तसं. माझ्या आत काहीतरी कुरकुरलं. गंज होता तो, आणि थोडं रडू होतं. मग त्यांनी दात आवळून ओढलं.

खट्.

आहाहा! काय सांगू! चारी चाकांची ताकद माझ्यातून गेली. शोभाताईंनी मोठा दांडा रिव्हर्सवर टाकला आणि क्लच सोडला, घाबरून एकदम सोडला, पण फोर-एलवर गाडी बंद पडत नाही. ती बैलासारखी मान खाली घालून मागे सरकायला लागली. वाळू कण्हली, लाट पुढच्या बंपरला लागून परत गेली, आणि आम्ही इंचाइंचानं वर आलो, सुरूच्या सावलीत येऊन उभे राहिलो. आबासाहेब फोनमध्ये ओरडत होते, “निकली त्रिवेणी, निकली!” मागच्या सीटवरून आडव्या झालेल्या हेमंतरावांनी क्षीण आवाजात विचारलं, “टायरची हवा कमी केल्याचा फायदा झाला ना?”

“झाला,” शोभाताई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि हसत होत्या.

आता मला परत टू-एचवर न्यायचं होतं. शोभाताईंनी ढकललं, ईशानं ढकललं, आबासाहेबांनी ‘बिस्मिल्ला’ आणि ‘येळकोट’ दोन्ही म्हणून ढकललं. मी गेलो नाही. जाणूनबुजून नव्हे हो! पुढे यायला जेवढा जोर होता तेवढा लागून गेला होता, परत जायला शिल्लकच नव्हता. गावातल्या मिस्त्रीनं खाली झोपून बघितलं. आतली पेटी उघडायला हैदराबादच गाठावं लागेल, असं त्यानं सांगितलं. डांबरी रस्त्यावर नुकसान नको म्हणून गाडीच्या पोटाखालून पुढच्या चाकांना फिरवणारा आस त्यानं काढून डिकीत टाकला आणि निरोप दिला, “मेल्लगा वेळ्ळंडी अम्मा.” हळू जा. त्यानं सांगितलं नसतं तरी दुसरा इलाज नव्हता. या स्थितीत गाडी सायकलच्या पुढे जात नाही. मी तशी व्यवस्थाच करतो.

हेमंतराव उठू शकत नव्हते. ईशाकडे लायसन्स नाही. शोभाताईंनी पर्स उघडून आपलं लायसन्स डॅशबोर्डवर ठेवलं, आणि आम्ही हैदराबादकडे निघालो.

असा प्रवास कुणी केला नसेल. ट्रॅक्टर आम्हाला ओलांडून जात. मेंढरांचा कळप ओलांडून गेला, मेंढपाळानं मागे वळून बघितलं. नरसरावपेटेजवळ एक लग्नाची वरात पुढे आली. तिचा आणि आमचा वेग सारखाच, त्यामुळे आम्ही बराच वेळ वरातीतच होतो. त्यांनी आम्हाला वरपक्षाकडचे समजून पुळिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, दिला. आबासाहेबांनी खिडकीतून हात काढून नवरदेवाला आशीर्वाद दिला.

“क्लच अर्धा सोड,” मागून हेमंतराव म्हणत. “नाही, आता दाब. नाही, आता—”

“बाबा, चिल करो. मम्मी चालवतेय,” ईशा म्हणायची.

गंमत अशी की या गाडीत आता चूक करताच येत नव्हती. क्लच कसाही सोडा, गाडी बंद पडत नाही, धक्का देत नाही, पळत नाही. शोभाताईंचा पाय क्लचवर बसला तो मिरच्यांच्या शेतांपाशी. पिडुगुराळ्ळला त्यांनी पहिल्यांदा हॉर्न वाजवला. मध्यरात्र उलटल्यावर मिर्यालगुड्याला लॉजवर मुक्काम झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी काढताना त्या गाणं गुणगुणत होत्या. आबासाहेब शेजारी बसून मुलीकडे असे बघत होते जसं काही तीच समुद्र आहे. ते मला नमस्कार करायचे विसरले. त्यानंतर त्यांनी तो कधी केला नाही, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

एल. बी. नगर, दिलसुखनगर, मलकपेट. मागे सगळं शहर हॉर्न वाजवत होतं. चादरघाटचा पूल ओलांडून शोभाताईंनी गाडी गौलीगुड्याच्या गल्लीत घातली, ज्या गल्लीत रिक्षावालेसुद्धा कुरकुरत येतात. भाकरतुकडा ओवाळायला त्रिवेणीआत्या दारात उभ्या होत्या. ड्रायव्हरच्या जागी कोण आहे ते बघून त्यांचा हात हवेतच राहिला.

“अगं बाई! तू?”

“आत्या, कुकर लावा. जेवूनच जाणार,” शोभाताई म्हणाल्या आणि त्यांनी हँडब्रेक ओढला.

हिम्मतराव ठरल्याप्रमाणे गाडी बघायला आले. चालवून बघतो म्हणाले. कोपऱ्यावरच्या सिग्नलपर्यंत त्यांनी नेली. सिग्नल हिरवा झाला, मग लाल झाला, मग परत हिरवा झाला, तोवर आम्ही पांढऱ्या पट्ट्यापर्यंत पोहोचलो होतो. मागचे लोक उतरून त्यांना काही बोलले. ते काय बोलले ते मी सांगत नाही. हिम्मतरावांनी गाडी तिथंच सोडली आणि ते चालत परत आले. “गाडी उत्तम आहे,” ते चावी देत म्हणाले, “पण आमच्या घरी सगळ्यांना घाई असते.”

हेमंतरावांची कंबर आता बरी आहे. मंडळात यंदा त्यांचं व्याख्यान झालं ते फार छोटं होतं. ते उभे राहिले, म्हणाले, “वाळूत जाण्याआधी दांडा हलवून बघा. आणि बायकोला गाडी द्या,” आणि खाली बसले. शाल-श्रीफळाला वेळ लागला तेवढाही व्याख्यानाला लागला नाही.

पेटी उघडायला मेकॅनिक घरी आला होता. एका दिवसाचं काम आहे म्हणाला. गंज काढतो, तेल घालतो, दांडा परत टू-एचवर येईल, गाडी पहिल्यासारखी पळेल. पहिल्यासारखी म्हणजे मी पुन्हा रिकामा.

शोभाताई चावी हातात खेळवत उभ्या होत्या.

“पुढच्या महिन्यात करू,” त्या म्हणाल्या. “आत्ता मला बाबांकडे जायचंय.”

तर अशी माझी हकिगत. आम्ही आत्ता कोठीच्या चौकात आहोत. शोभाताईंनी जामबागेत थांबून वडिलांसाठी मोसंबी घेतली आहेत. गौलीगुडा आता फार लांब नाही. चालत गेलं तर लवकर पोहोचता येईल, पण त्यांना चालत जायचं नाही, चालवत जायचं आहे. मागे बस आहे, बसच्या मागे रिक्षा, रिक्षाच्या मागे बहुतेक सगळं हैदराबाद आहे, आणि सगळे हॉर्न वाजवतायत. बाबांनो, तुमची घाई मला कळते. पण जरा दम धरा. मी कामावर आहे.